‘माझी आई शास्त्रज्ञ आहे’: हे वाक्य ठेवायचं की खोडायचं?

सप्तपर्णी

मुलगी सातवीत आहे. शाळेने ‘माझी आई’ यावर निबंध लिहायला सांगितलाय. वही माझ्याकडे शुद्धलेखन बघायला आली. पहिलंच वाक्य, “माझी आई शास्त्रज्ञ आहे.” पुढच्या पानभर वेलांट्या आणि अनुस्वार सुधारले, पण त्या पहिल्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन पेन अडत होतं.

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. अकरा वर्षं औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. एचपीएलसी, टायट्रेशन, डिसोल्यूशन, अशा ठरलेल्या चाचण्या, दिवसभर हेच. काय तपासायचं, किती मिलिलिटर घ्यायचं, किती मिनिटं हलवायचं, सगळं एसओपीत, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीच्या कागदात लिहिलेलं असतं. त्यातली एक ओळ मी मनाने बदलली तर तो शोध नसतो, डेव्हिएशन म्हणजे नियमभंग असतो. पीएच.डी. नाही, नावावर पेपर नाही, कार्डावर ‘सीनिअर ॲनालिस्ट’.

नवरा म्हणाला, राहू दे, कोण तपासायला येतंय. भाऊ इंजिनिअर आहे, तो म्हणाला, तू शास्त्रज्ञ तर मग मी कोण? जाऊबाईंची समाजशास्त्रात पीएच.डी. आहे, त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

तर मंडळी, नक्की कुठल्या विषयाची आणि कुठवरची पदवी असली की माणूस शास्त्रज्ञ होतो? निबंध सोमवारी द्यायचाय.

शंकासुर

यात अवघड काय आहे? भौतिक, रसायन, जीव, भूगर्भ, खगोल यांपैकी कशात तरी पीएच.डी. हवी आणि आजही संशोधन चालू हवं. झालं. डॉक्टर हे डॉक्टर, इंजिनिअर हे इंजिनिअर, गणिती हे गणिती. यात कुणाला कमी लेखायचं नाहीये. पण कुठेतरी रेघ मारावी लागते, नाहीतर शब्दाला अर्थ उरत नाही.

ताई, रागावू नका, पण तुमच्यासाठी ‘रसायनतज्ज्ञ’ हा चांगला, खरा शब्द आहे.

धूमकेतू

आला, पहिल्याच प्रतिसादात निकाल आला. वाचतोय.

मूळसंख्या

शंकासुरांची रेघ इतकी कडक आहे की ज्याने हा शब्द बनवला तोच बाहेर राहतो.

इंग्रजीत ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्युएल यांनी १८३३ मध्ये एका सभेत सुचवला, ‘आर्टिस्ट’च्या चालीवर. छापील रूपात तो आला १८३४ मध्ये, मेरी सॉमरव्हिल यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात. ह्युएल काही वर्षं केंब्रिजला खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते, नंतर नीतिशास्त्राचे झाले. सॉमरव्हिल बाईंकडे तर कुठलीच पदवी नव्हती. बायकांना विद्यापीठात घेतच नसत, मिळणार कुठून?

पीएच.डी.ची अटही तशी अलीकडची. आजच्या अर्थाची पीएच.डी. जर्मन विद्यापीठांत रुजली, अमेरिकेत येलने पहिल्या दिल्या त्या १८६१ साली आणि ऑक्सफर्डने तर १९१७ पर्यंत वाट बघितली. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा ते एम.ए. होते. तुमच्या रेघेच्या कुठल्या बाजूला बसवायचे ते?

शंकासुर

दोनशे वर्षांपूर्वी न्हावी शस्त्रक्रिया करायचे, म्हणून आज करून घ्याल का? तेव्हा क्षेत्र लहान होतं, एका माणसाच्या डोक्यात मावत होतं. आज प्रश्नापर्यंत पोचायलाच सात-आठ वर्षं लागतात. थॉमसन आज जन्मले असते तर त्यांनीही मुकाट्याने प्रबंध लिहिला असता.

अर्थाअर्थी

मी अर्थशास्त्रवाली, त्यामुळे माझा पक्ष उघड आहे.

आपण मराठीत बोलतोय हे मात्र इथे कुणी लक्षात घेत नाहीये. ‘सायंटिस्ट’ला इंग्रजीत जी कुंपणं आहेत ती ‘शास्त्रज्ञ’ला नाहीत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, भाषाशास्त्र, पुरातत्त्वशास्त्र. जो शास्त्र जाणतो तो शास्त्रज्ञ, शब्दच सांगतोय. अर्थशास्त्रज्ञ म्हणताना कुणाची जीभ अडत नाही. मग ‘अर्थ’ काढून नुसतं ‘शास्त्रज्ञ’ म्हटलं की लगेच पांढरा कोट आणि चंचुपात्र कुठून येतं?

शंकासुर

मग ज्योतिषशास्त्रही आलं. वास्तुशास्त्र आलं. तळहात बघणारे सामुद्रिकशास्त्राचे ‘ज्ञ’ आले. शेपटाला शास्त्र लावलं की शास्त्रज्ञ, ही तुमची कसोटी, माझी नाही.

खडूफळा

चाळीस वर्षं शिकवलं, त्यामुळे शब्दांत नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही.

‘शास्’ म्हणजे आज्ञा देणं, शिस्त लावणं, शिकवणं. शास्त्र म्हणजे नियमांत बांधलेलं ज्ञान, मग ते व्याकरणाचं असो की ताऱ्यांचं. ते ज्याच्याकडे तो पूर्वी ‘शास्त्री’. शास्त्रीबुवांचं काम ठरलेल्या ग्रंथाचा अचूक अर्थ सांगणं. पुढे इंग्रजी विद्या आली, नवीन शब्द लागला, आणि आपण तोच धातू घेऊन ‘शास्त्रज्ञ’ केला. शास्त्री आणि शास्त्रज्ञ एकाच घरातले. पण एकाला ग्रंथ चुकलेला चालत नाही आणि दुसऱ्याला ग्रंथातली चूक सापडली तर आनंद होतो. अर्थात हे कागदावर. चूक सापडल्यावर तोंड पाडून बसलेले शास्त्रज्ञही पुष्कळ पाहिलेत.

आमच्या लहानपणी वेळापत्रकात विषयाचं नाव नुसतं ‘शास्त्र’ असायचं. ‘विज्ञान’ नंतर आलं. जर्मन भाषेतही असाच ऐसपैस शब्द आहे, ‘विसेनशाफ्ट’. त्यात इतिहासही बसतो आणि रसायनही. म्हणजे इंग्रजीचा शब्दच जरा अरुंद निघाला, आणि आपण आपल्या रुंद शब्दाला त्याचा अंगरखा शिवून घालतोय. काखेत उसवणारच.

मूळसंख्या

मास्तर, शास्त्री आणि शास्त्रज्ञ हे भारी सांगितलंत.

अर्थाअर्थी

शंकासुर, ज्योतिषाचा मुद्दा टाळत नाही. ज्योतिष बाहेर पडतं ते विषयामुळे नाही, वागणुकीमुळे. ग्रह-तारे तर खगोलवाल्यांचेही तेच आहेत. भाकीत चुकल्यावर ज्योतिषी पद्धत बदलत नाही, जन्मवेळ बदलतो. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने हाच निकष लावला होता: तुमचं म्हणणं खोटं ठरवता येईल अशी एखादी तरी शक्यता तुम्ही मोकळी ठेवलीय का?

आता मानसशास्त्र घ्या. २०१५ मध्ये मानसशास्त्रवाल्यांनीच आपल्या क्षेत्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. संख्याशास्त्रीय कसोटीवर जेमतेम ३६ टक्के टिकले. लोक म्हणाले, बघा, हे विज्ञानच नव्हे. मला नेमकं उलटं वाटतं. स्वतःचंच घर खणून, सापडलेलं सगळ्यांसमोर मांडायचं, याला दुसरं काय म्हणायचं?

शंकासुर

पॉपरचीही गंमत आहे. उत्क्रांतिवाद तपासता येण्यासारखा नाही असं त्याने आधी म्हटलं आणि १९७८ मध्ये मागे घेतलं. म्हणजे निकष लावणाराही चुकतो. बाकी मुद्दा मान्य, मानसशास्त्र आत घेतो. अर्थशास्त्राचा विचार करतो. तुमचं नोबेलही आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रातलं नाही, स्वीडनच्या बँकेने १९६८ मध्ये जोडलेलं आहे.

अर्थाअर्थी

नोबेल गणितालाही नाही. जा, मूळसंख्यांना सांगून या.

मूळसंख्या

मला मध्ये ओढू नका. मी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवत नाही. आमच्यात सिद्धता असते, पुरावा नसतो. एखादं प्रमेय कोट्यवधी संख्यांवर तपासून बरोबर आलं तरी आम्ही ते खरं मानत नाही; प्रयोगशाळेत इतक्या वेळा जुळलं असतं तर पाठ्यपुस्तकात गेलं असतं. स्वभाव वेगळा आहे आमचा. चांगला की वाईट ते सोडा.

विषयांच्या भिंतींबद्दल मात्र सांगतो. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यातले जेफ्री हिंटन पदवीला प्रायोगिक मानसशास्त्र शिकले, पीएच.डी. कृत्रिम बुद्धिमत्तेत. वेंकी रामकृष्णन यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातली, काम पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर म्हणजे जीवशास्त्रातलं आणि २००९ चं नोबेल रसायनशास्त्राचं. तीन दालनं, माणूस एक. पदवीवरचा विषय बघून कप्पा ठरवायला गेलात तर फसाल.

नटबोल्ट

धागाकर्त्या ताईंच्या भावाच्या जातीचा मी. बावीस वर्षं यंत्रं बांधतोय. मला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं तर आवडत नाही. नम्रता वगैरे काही नाही यात.

शास्त्रज्ञ म्हणजे इंजिनिअरची बढती, असा एक समज सगळीकडे मुरलाय. यान वेळेवर उडालं की मथळा ‘शास्त्रज्ञांचं घवघवीत यश’. अडकलं की ‘तांत्रिक बिघाड’. म्हणजे उडवणारे ते आणि अडकवणारे आम्ही! कलामसाहेबांना सगळा देश शास्त्रज्ञ म्हणतो. शिक्षण एअरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं, हयात गेली रॉकेटं आणि क्षेपणास्त्रं उभी करण्यात. त्यांना महान इंजिनिअर म्हटलं तर त्यांची उंची कमी होते का? मला तर वाढल्यासारखी वाटते.

शास्त्र आधी आणि यंत्र मागून, असंही नेहमी नसतं. जेम्स वॅटने सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. अशा इंजिनातून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं याचा पाया सादी कार्नोने घातला १८२४ मध्ये. पन्नासहून अधिक वर्षं इंजिनं धडधडत होती, ती नेमकी कुठल्या नियमाने चालतात हे पक्कं कुणाला माहीत नसताना. आणि हा कार्नो कोण, तर लष्करी इंजिनिअर.

आम्हाला ‘चालतं का’ हे आधी लागतं, ‘का चालतं’ ते सवडीने. दोन्ही प्रश्नांचा मान सारखाच ठेवा, मग नावाचं भांडण मिटेल.

स्टेथो

नटबोल्ट, +१. डॉक्टरांच्या वतीनेही तेच. ओपीडीत बसलेला डॉक्टर विज्ञान वापरतो, निर्माण करत नाही. मी माझ्या रुग्णांवर प्रयोग करत नाही. करताना दिसलो तर पोलिसांना कळवा.

पण तोच डॉक्टर एखाद्या दिवशी पलीकडे जाऊ शकतो. बॅरी मार्शल हे फिजिशियन. जठरातल्या जिवाणूमुळे अल्सर होतो हे कुणी ऐकेना, म्हणून १९८४ मध्ये त्या जिवाणूचं कल्चर स्वतः प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पदवी आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशी होती.

(घरी करून बघू नये.)

धूमकेतू

इतका वेळ गप्प बसून वाचत होतो, पण सप्तपर्णींसाठी दोन माणसं आठवली.

पहिला विल्यम गॉसेट. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकला, पीएच.डी. नाही. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत नोकरी. बार्लीचे, मद्याचे नमुने तपासायचे आणि थोड्याच नमुन्यांवरून निर्णय द्यायचा. ताईंच्या क्यूसीचा खापरपणजोबाच म्हणा. मोजके नमुने असताना सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर तेव्हाच्या संख्याशास्त्रात धड नव्हतं, ते त्याने काढलं. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने पेपर आला. आज जगभर ज्या टी-टेस्टचा वापर होतो ती हीच.

दुसरे कोइची तनाका. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची साधी पदवी, जपानच्या शिमाझू कंपनीत नोकरी. १९८५ च्या सुमारास कोबाल्टच्या बारीक भुकटीत भलतंच द्रव, ग्लिसरीन, चुकून ओतलं. महाग भुकटी टाकून द्यायला जीव होईना म्हणून तीच रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात घालून पाहिली. मोठे रेणू न तुटता वायुरूपात उचलण्याची वाट तिथून सापडली. २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल. आताही म्हणा, पीएच.डी. लागतेच.

शंकासुर

म्हणतो. लॉटरी लागलेल्या पाच जणांची नावं सांगून ‘तिकीट काढणं हा चांगला व्यवसाय आहे’ असं सिद्ध होत नाही. गॉसेटसारखे किती टेबलापाशीच विरून गेले, त्यांची यादी कुणाकडे आहे?

पीएच.डी. म्हणजे ज्ञानाचा शिक्का नव्हे. चार-पाच वर्षं आपलं म्हणणं चुकत राहतं, ज्यांना आपल्याहून जास्त कळतं असे लोक ते फाडून हातात देतात, आणि दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. त्याची ती तालीम. ती दुसरीकडे मिळत असेल, पण हमखास मिळेल अशी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

आणखी एक. शब्द सैल सोडला की फायदा सप्तपर्णींसारख्या प्रामाणिक माणसांना होत नाही. त्या तर स्वतःच पेन थांबवून बसल्यात. फायदा होतो व्हिडिओत पांढरा कोट घालून ‘मी शास्त्रज्ञ आहे, ही पुडी घ्या, मधुमेह जाईल’ म्हणणाऱ्याला. त्याला कशाच्या आधारावर हटकाल? डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो, वकिलाला सनद असते. शास्त्रज्ञाला काहीच नाही. डिग्रीची रेघ बोथट आहे हे मलाही कळतं. पण हातात दुसरं आहे काय?

स्टेथो

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. पुडीवाले रोज भेटतात.

अर्थाअर्थी

रेघच हवी असेल तर एक तयार आहे. १९६३ मध्ये इटलीतल्या फ्रास्काती गावी वेगवेगळ्या देशांचे तज्ज्ञ जमले आणि संशोधनावर कोण किती खर्च करतं हे मोजायचं तर संशोधन कशाला म्हणायचं, हे ठरवायला बसले. त्यातून निघालेली पुस्तिका ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आजही सुधारून काढते. २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत: काम नवं हवं, त्यात स्वतःची कल्पना हवी, शेवट आधी माहीत नसावा, पद्धतशीर असावं, आणि जे हाती येईल ते दुसऱ्याला देता यावं, पुन्हा करता यावं. विषयाचं बंधन नाही. समाजशास्त्रंच काय, मानव्यविद्याही आत. डॉक्टरेटची सक्ती नाही.

पण सप्तपर्णी, प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच पुस्तिकेत नेहमीच्या ठरीव चाचण्या आणि तपासण्या संशोधनातून स्पष्ट वगळल्यात. क्यूसी बाहेर.

मूळसंख्या

अरेरे.

धूमकेतू

शंकासुर, एक सरळ प्रश्न. रसायनात पीएच.डी. केली, पोस्टडॉकही केलं, आणि आता बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो असा माणूस असेल, तर तो शास्त्रज्ञ का?

शंकासुर

नाही. संशोधन चालू हवं असं मी पहिल्याच ओळीत लिहिलंय.

तुम्ही सहज विचारलंत, पण तो माणूस मीच आहे. विश्लेषणात्मक रसायन. लॅब सोडून चार वर्षं होतील. आईच्या लेखी मी अजून शास्त्रज्ञच आहे, कुणी आलं की तशीच ओळख करून देते. मी दर वेळी दुरुस्त करतो, मग ती रुसते. तेव्हा मी रेघ मारतो ती स्वतःला आत ठेवून मारतो असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही.

खडूफळा

शंकासुर, पुढच्या वेळी दुरुस्त करू नका. आईच्या वाक्याला संदर्भ लागत नाही.

सप्तपर्णी

दोन दिवस लॅबमध्ये अडकले होते, आता सगळं वाचलं. अर्थाअर्थी, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. मलाही मनातून तेच वाटत होतं. वर्षातले साडेतीनशे दिवस मी फ्रास्कातीच्या बाहेरच आहे.

पण उरलेल्या काही दिवसांचं सांगू का? मागच्या वर्षीचं आहे. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

एका औषधातल्या अशुद्धी तपासायची ग्रेडियंट पद्धत आहे. सुरुवातीला कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, जवळजवळ सगळं बफरचं (ठरावीक मीठ घातलेलं) पाणी जातं, मग हळूहळू ॲसिटोनायट्राइल हे द्रावक वाढवत न्यायचं. एका बॅचला आलेखावर भलत्याच वेळी एक अनोळखी पीक, म्हणजे टोकदार उंचवटा, आलं. मर्यादा ०.१० टक्के, हे ०.१४. म्हणजे बॅच अडकली, फोन सुरू झाले. उत्पादनवाले म्हणाले तुमची लॅब चुकली, आम्ही म्हणालो तुमची बॅच. ब्लँकमध्येही ते पीक होतं, पण इतकं बारीक की सगळ्यांनी ‘बेसलाइनचा गोंधळ’ म्हणून सोडून दिलं.

मला ते बारीक पीक सुटेना. ब्लँकमध्ये औषधच नसतं, मग हे तिथे आलं कसं? जुने क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राचे हे आलेख, काढून बसले, तेव्हा दिसलं की रांगेतल्या पहिल्या इंजेक्शनला ते नेहमी मोठं असतं. पहिल्या इंजेक्शनचं वेगळेपण एवढंच, की त्याआधी कॉलम बराच वेळ नुसतं पाणी पीत बसलेला असतो. मनात आलं, कदाचित पाण्यातूनच काहीतरी येतंय, कॉलमच्या तोंडाशी साठतंय, आणि ॲसिटोनायट्राइल वाढलं की एकदम सुटून बाहेर पडतंय. तसं असेल तर थांबायचा वेळ दुप्पट केला की पीकही दुप्पट व्हायला हवं. औषधाशी त्याचा काही संबंध नको.

हे एसओपीत नव्हतं. वेगळा प्रोटोकॉल लिहिला, क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची, सही मिळवली. नमुना न घालता, आधी १० मिनिटं, मग २०, मग ४० थांबून चालवलं. पीक जवळजवळ त्याच हिशेबाने वाढत गेलं. तिसरा आलेख पडद्यावर उमटत होता तेव्हा मी श्वास धरून उभी होते, एवढं आठवतंय. मग पाणी बदललं, पीक तसंच. मिठाची नवी बाटली फोडली, तसंच. बफर न गाळता वापरला, आणि पीक गायब. तीन आठवड्यांपूर्वी गाळायच्या फिल्टरचा नवा लॉट आला होता. बॅच निर्दोष होती. दुसऱ्या फिल्टरने बफर गाळून, रीतसर परवानगीने पुन्हा तपासली.

अहवाल कंपनीच्या कपाटात आहे. पेपर नाही, त्यामुळे ‘दुसऱ्याला देता यावं’ ही कसोटी अर्धीच. घरी मात्र सगळ्यांना पाठ झालंय.

शंकासुर

थांबा, थांबा. १०, २०, ४० एकाच दिवशी चालवलंत की वेगवेगळ्या? क्रम उलटा करून पाहिलात का? आधीच्या फेरीतलं थोडं कॉलमवर राहून पुढच्या फेरीत आलं असेल तर नुसत्या क्रमानेही पीक वाढत गेलेलं दिसेल.

सप्तपर्णी

दुसऱ्या दिवशी ४०, १०, २० असं चालवलं. ४० चं मोठं, १० चं पुन्हा लहान झालं.

शंकासुर

हं.

अर्थाअर्थी

सप्तपर्णी, मी फ्रास्कातीबद्दल लिहिलं ते ठरीव चाचणीबद्दल होतं. ही ठरीव नव्हती. शेवट माहीत नव्हता, कल्पना तुमची होती, पद्धत होती. त्या दिवसांपुरत्या तुम्ही आत आहात.

नटबोल्ट

दिवसाच्या हिशेबाने शास्त्रज्ञ! हजेरीपट ठेवावा लागेल.

धूमकेतू

तसा ठेवला तर पूर्णवेळ प्राध्यापकांचेही बरेच खाडे निघतील.

मूळसंख्या

हे वाचताना भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले आठवले. हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन अमोनियापासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरायचा. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसऱ्या कुणी ‘काट्याची चूक’ म्हणून सोडून दिलं असतं. रॅलेंनी १८९२ मध्ये ‘नेचर’ला पत्र धाडलं, की बाबांनो, हे असं का होतंय, कुणाला सुचतंय का? १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे आणि ते मिळून उत्तरापर्यंत पोचले: हवेत आर्गॉन नावाचा वायू होता आणि इतकी वर्षं तो सगळ्यांच्या नाकाखालून जात होता. १९०४ मध्ये दोघांना नोबेल, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनाचं.

तुमच्या बाबतीत आर्गॉनऐवजी फिल्टर निघाला, एवढाच फरक.

सप्तपर्णी

एवढाच म्हणे! :-)

स्टेथो

पण निबंधाचं काय झालं? सोमवार होऊन गेला.

सप्तपर्णी

सांगायचं राहिलंच. वाक्य मी खोडलं नाही. रविवारी रात्री लेकीला एवढंच विचारलं, की शास्त्रज्ञ का लिहिलंस? तिला वाटलं चुकलंय, म्हणून तिने स्वतःच खोडरबर घेतलं आणि नवीन लिहिलं, “माझी आई औषधं तपासते. कधीकधी तिला घरी यायला उशीर होतो, कारण पीक चुकीच्या वेळी येतं. मग ती ते का आलं ते शोधून काढते.”

आज वही परत आली. बाईंनी ‘पीक’खाली लाल रेघ ओढलीय आणि समासात लिहिलंय, “आई शेतीही करते का? तसा उल्लेख आधी यावा.”

खडूफळा

बाईंचा मुद्दा बरोबर आहे. संज्ञा वापरण्याआधी तिची व्याख्या द्यावी.

नटबोल्ट

=)) =))

शंकासुर

सप्तपर्णी, फिल्टर कसला होता ते सांगितलं नाहीत. नायलॉन?

सप्तपर्णी

नायलॉनच. का हो?

शंकासुर

आमच्या लॅबमध्येही एकदा असंच एक पीक यायचं. आठ महिने मी कॉलमला शिव्या घातल्या. फिल्टर बदलून कधी बघितलाच नाही.